एकच आज्ञावली, अनेक अंमलदार

पायथन ही संगणकभाषा एकच असली, तरी तिच्या आज्ञांचा अंमल करणाऱ्या यंत्रणा अनेक आहेत. आणि एका यंत्रणेत बिनतक्रार चालणारी लायब्ररी दुसरीत पाऊल टाकताच अडखळावी, हा प्रकार त्या भाषेच्या इतिहासात इतक्या वेळा घडला आहे की, त्याची कारणे उमजल्याखेरीज पवईच्या आयआयटीत सिद्ध झालेल्या ‘कंपाइल’ या लायब्ररीची योग्यता ध्यानात येणार नाही.

गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली मूळ यंत्रणा सी भाषेत लिहिलेली, म्हणून तिला सीपायथन म्हणतात. १९९५ मध्ये जिम ह्यूगनिन यांनी तिच्यासाठी ‘न्यूमेरिक’ ही गणिताची लायब्ररी, म्हणजे आजच्या नमपायची पूर्वज, सी भाषेतच रचली. पुढे त्याच गृहस्थांनी जावावर चालणारा जायथन आणि डॉटनेटवर चालणारा आयर्नपायथन निर्माण केला, आणि त्यांची स्वतःचीच पूर्वीची कृती या दोन्ही नव्या यंत्रणांत आहे त्या रूपात चालेनाशी झाली. सीपायथनमध्ये प्रत्येक वस्तूजवळ तिचे किती धनी आहेत याचा आकडा नोंदलेला असतो, आणि सीमध्ये लिहिलेल्या लायब्ररीला तो आकडा स्वहस्ते कमीजास्त करावा लागतो. पायपाय या यंत्रणेत असे दप्तरच नाही. तिथला स्मृतिव्यवस्थापक निरुपयोगी वस्तू वेळोवेळी काढून टाकतो आणि जिवंत वस्तूंचे स्थानही बदलतो. जुन्या लायब्ऱ्या चालाव्यात म्हणून पायपायने सीमेवरून जाणाऱ्या वस्तूंसाठी तशा नोंदींची तजवीज केली खरी, पण त्यापायी वेगाचा मोठा भाग गमवावा लागला. २०१९ मध्ये आरंभलेल्या एचपाय या प्रकल्पाने वेगळी वाट धरली: लायब्ररीला वस्तूचा ठावठिकाणा न कळविता केवळ तिची पावती द्यावयाची, आणि काम संपताच लायब्ररीने ती परत करावयाची.

याहून सूक्ष्म अडचण वहिवाटीची आहे. उघडलेली फाइल तिचा शेवटचा धनी जाताच सीपायथनमध्ये तत्काळ बंद होते. पायपायमध्ये ती केव्हा बंद होईल याची हमी नाही, म्हणून ‘विथ’ या रचनेने ती स्पष्टपणे बंद करणे हाच शिष्टसंमत मार्ग होय. उलटपक्षी, डिक्शनरीतील नोंदींचा क्रम टिकविण्याची पायपायने आधी पत्करलेली रीत सीपायथनने २०१६ मध्ये उचलली आणि २०१८ मध्ये ती भाषेचा नियम बनली. लायब्ररी लिहिणाऱ्याने करार भाषेशी करावा, एखाद्या यंत्रणेच्या सवयींशी करू नये, असे माझे ठाम मत या दोन उदाहरणांनी बनले आहे.

कंपाइलची थोरवी नेमकी या संयमात आहे. वैमानिकी अभियांत्रिकी विभागाचे प्राध्यापक प्रभू रामचंद्रन आणि आदित्य भोसले यांनी २०२० मध्ये शोधनिबंधाद्वारे तिचा परिचय करून दिला; द्रवाचा प्रवाह असंख्य कणांच्या रूपाने गणणाऱ्या पायएसपीएच या प्रणालीची गरज तिच्यामागे होती. पायथनचा एक मर्यादित भाग तेवढा ती मान्य करते: संख्या, संख्यांच्या रांगा, फेरे, अटी, साधी फंक्शने. याद्या आणि डिक्शनऱ्या यांना मात्र गणनेच्या गाभ्यात मज्जाव. एवढे पथ्य पाळले की तेच फंक्शन सायथनमार्गे प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर, ओपनसीएलमार्गे वा कूडामार्गे ग्राफिक्स कार्डावर चालते, आणि तरीही ते निर्भेळ पायथनच राहते.

चांगू काना ठाकूर महाविद्यालयामुळे आमच्या खांदा कॉलनीत विद्यार्थ्यांची वर्दळ असते. त्यांच्यातील एखाद्याच्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड नसले, तरी सीचा कंपायलर बसवून त्याने घरी लिहिलेले आणि पारखलेले गणित पुढे मोठ्या यंत्रावर जसेच्या तसे नेता यावे, ही सोय मला फार मोलाची वाटते. साधनसंपत्तीच्या विषमतेवर तिच्याइतका सरळ उपाय मी क्वचितच पाहिला आहे.

तथापि सर्वत्र उत्तर एकसारखेच येईल, असे मात्र मानू नये. कंपाइलचे मुख्य व्यापार तीन: प्रत्येक घटकावर स्वतंत्र क्रिया, सर्वांची एकत्र बेरीज किंवा तत्सम संक्षेप, आणि प्रत्येक पायरीवरची आतापर्यंतची बेरीज. पहिला सोपा आहे, कारण तिथे कोणी कोणावर अवलंबून नाही. तिसऱ्यात प्रत्येक उत्तर आधीच्या सर्वांवर अवलंबून असल्यामुळे ग्राफिक्स कार्डाच्या शेकडो गाभ्यांना रांगेचे तुकडे वाटून देऊन मागाहून जोडावे लागतात. संगणकातील दशांश संख्यांची बेरीज क्रम बदलताच शेवटच्या अंकांत बदलू शकते. त्यात भर म्हणजे ग्राफिक्स कार्डावर वेगळे न सांगितल्यास गणित एकेरी अचूकतेने, सुमारे सात अंकांपर्यंत, होते, आणि दुहेरी हवी असल्यास तसा हुकूम स्पष्ट द्यावा लागतो. यास्तव दोन यंत्रणांची उत्तरे पडताळताना तंतोतंत समानता न मागता काही फरकाची मुभा ठेवावी लागते, आणि ती किती असावी हे कोणतीच लायब्ररी परस्पर ठरवू शकत नाही. ते प्रवाहाचे भौतिकशास्त्र जाणणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.