बोंबील हा काट्यांचाच मासा

बोंबील इतका लिबलिबीत असतो, की त्याला हाडेच नाहीत असा अनेकांचा समज आहे. उलट मुशीचा जाड कणा पाहून तिला हाडांचा मासा म्हटले जाते. प्रत्यक्षात बोंबील अस्थिमत्स्य (हाडांचा सांगाडा असलेला मासा) आहे, मुशी आणि पाकट मात्र कूर्चेचे. कूर्चा म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागासारखा, दाबला की वाकणारा आणि सोडला की पूर्ववत होणारा पदार्थ. बोंबलाचा मऊपणा मांसातल्या भरपूर पाण्यामुळे येतो. हाडे आहेतच, फक्त नाजूक.

ओळखायचे तर काटे मोजू नयेत, डोक्यामागे पाहावे. बांगड्याच्या कल्ल्यांवर दोन्ही बाजूंना एकेक हाडाचे झाकण (प्रच्छद) असते. ते उचलले की आत लालभडक कल्ले दिसतात. ताजेपणा पाहताना आपण तेच उचलतो. मुशीला झाकण नसते, नुसत्या उभ्या चिरा असतात.

अस्थिमत्स्यांच्या तीस हजारांवर जाती आहेत. बहुतेकांच्या पोटात तरंगण्यासाठी हवेची पिशवी (वाताशय) असते. घोळीची हीच पिशवी ‘बोत’ म्हणून माशापेक्षाही महाग विकली जाते. बोंबलाला मात्र ती नसते.