व्हायरसचा पंचनामा

खून झाला की पोलीस आधी दोरी बांधून माणसं बाहेर काढतात. व्हायरसच्या गुन्ह्यात घटनास्थळ फिर्यादीच्या खिशातच असतं, आणि ठाण्यात येईपर्यंत त्यानं ते बहुधा स्वतःच पुसलेलं असतं.

रत्नागिरी असो की पुणे, चाल एकच. व्हॉट्सअ‍ॅपवर आरटीओचं चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल येते. ती इन्स्टॉल केली की अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि मग ओटीपी परस्पर चोराकडे जातात. घाबरलेला माणूस फोन रीसेट करून घेतो. व्हायरस जातो, पण ओटीपी कुठे जात होते, तो पत्ताही त्याच्याबरोबर जातो.

असे पुरावे तपासणाऱ्या राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे. रत्नागिरीतही लघु प्रयोगशाळा आहे. डिजिटल तपासाचा पहिला नियम म्हणजे मूळ वस्तूवर काम करायचं नाही. हार्ड डिस्क राइट ब्लॉकरला जोडायची, म्हणजे वाचता येतं, लिहिता येत नाही. हुबेहूब प्रत काढायची आणि दोन्हींची हॅश व्हॅल्यू, म्हणजे डिजिटल ठसा, जुळवायची. एसएचए-२५६ पद्धतीत ती ६४ अक्षर-अंकांची असते. एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी बदलते. पंचनाम्यावरचं लाखेचं सीलच म्हणा. काही व्हायरस फक्त रॅममध्ये राहतात आणि वीज गेली की ती पुसली जाते, म्हणून चालू संगणकाची वायर खेचणं हा उत्साही पोलिसाचा मोठा अपराध. यानंतर कुठे अ‍ॅप बंदिस्त यंत्रावर चालवून ते कोणाशी बोलतं ते पाहायचं.

कोर्टात कागदही लागतो. जालन्याच्या निवडणूक खटल्यात (खोतकर विरुद्ध गोरंट्याल) सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यात आता हॅशही नोंदवावी लागते.

आपल्याकडचा सर्वांत गाजलेला गुन्हा पुण्याच्या कॉसमॉस बँकेचा. एटीएममधून आलेली विनंती स्विच नावाच्या मधल्या यंत्रणेमार्गे बँकेच्या मूळ प्रणालीकडे जाते. व्हायरसनं मध्येच खोटा स्विच उभा केला आणि तोच ‘द्या पैसे’ म्हणू लागला. ११ ऑगस्ट २०१८ ला २८ देशांतून सुमारे ७८ कोटी, भारतातून अडीच कोटी निघाले. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. ग्राहकांची खाती शाबूत, म्हणून बोंब उशिरा. २०२३ मध्ये पुण्यात ११ जणांना शिक्षा झाली, पण त्यांतले बहुतेक एटीएमसमोर कॅमेऱ्यात सापडलेली प्यादी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं बोट दाखवलं ते उत्तर कोरियाकडे. तिथे गुन्हा नोंदवणाऱ्या पुण्याच्या चतुःशृंगी ठाण्याचं समन्स पोचत नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर फोन फ्लाइट मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा. आणि पोलीस पाहीपर्यंत रीसेट करू नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी.