तातडीच्या विभागातील बालरुग्ण : तपासणीचा क्रम आणि उपचाराचा विवेक

प्रस्तावना :
रुग्णालयात होणाऱ्या बालमृत्यूंपैकी अनेक मृत्यू दाखल झाल्यापासून पहिल्या २४ तासांत होतात. काही वेळा औषधांच्या अभावापेक्षा अत्यवस्थ बालक रांगेत थांबल्यामुळे मृत्यू ओढवतो. हे टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ट्रायेज, म्हणजेच प्राधान्यक्रम ठरविण्याची पद्धती विकसित केली. तिचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तपासणीचा क्रम :
या पद्धतीत बालकांचे तीन गट केले जातात : तत्काळ उपचार आवश्यक असणारी, रांगेत अग्रक्रम द्यावयाची आणि थांबू शकणारी. प्रथम श्वासमार्ग व श्वसन, नंतर रक्ताभिसरण, बेशुद्धावस्था व झटके आणि शेवटी तीव्र जलशुष्कता तपासली जाते. दोष आढळताच अंतिम निदानाची वाट न पाहता उपचार सुरू होतात. दोन महिन्यांखालील अर्भके, तीव्र कुपोषित, तसेच भाजलेली बालके यांना अग्रक्रम मिळतो. ही प्राथमिक पाहणी प्रशिक्षित परिचारिकाही करू शकते. मलावीतील ब्लँटायर येथील रुग्णालयात अशा सुधारणांनंतर दाखल बालकांतील मृत्यूचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक होते ते ६ ते ८ टक्क्यांवर आले.

शिरेवाटे द्रव देण्याचा प्रश्न :
तत्परता म्हणजे सरसकट सलाईन नव्हे. केनिया, युगांडा व टांझानियातील ३१४१ तापग्रस्त व रक्ताभिसरण मंदावलेल्या बालकांवरील 'फीस्ट' अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगाने सलाईन दिलेल्या गटात ४८ तासांतील मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्के, तर न दिलेल्या गटात ७.३ टक्के होते. अतिसार व तीव्र कुपोषणाचे रुग्ण या अभ्यासात नव्हते. त्यामुळे अतिसारजन्य तीव्र जलशुष्कतेत शिरेवाटे द्रव देणे आजही जीवरक्षकच ठरते. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार थंड हातपाय, दाबलेल्या नखाखाली रक्त परतण्यास ३ सेकंदांहून अधिक वेळ आणि क्षीण व जलद नाडी ही तिन्ही लक्षणे एकत्र असल्यासच शॉक मानावा. अशा बालकास दर किलो वजनामागे १० ते २० मिलिलिटर द्रव ३० ते ६० मिनिटांत द्यावे व सतत पुनर्तपासणी करावी.

निष्कर्ष :
बालकाचे प्राण वाचविण्यात महागड्या यंत्रसामग्रीइतकेच महत्त्व पहिल्या काही मिनिटांतील क्रमबद्ध पाहणीला आहे. मात्र, ज्या उपचाराने एक बालक वाचते, तोच दुसऱ्यास घातक ठरू शकतो. म्हणून वेगाला अचूक तपासणीची जोड अनिवार्य ठरते.