एका इलेक्ट्रॉनचा हिशेब

बंगळुरूतली बसवनगुडी 1898 च्या प्लेगनंतर वसली. जुन्या पेठेतल्या दाटीतून माणसांना बाहेर काढावं, त्यांना रुंद रस्ते, झाडं आणि मोकळी हवा द्यावी, या विचाराने आखलेली ही वस्ती. टेकडीवरचं मोठ्या नंदीचं देऊळ तिच्याहून कितीतरी जुनं, केंपेगौडाच्या काळातलं. त्या देवळाकडे जाणाऱ्या बुल टेंपल रोडवर बी. एम. श्रीनिवासय्या यांनी 1946 साली खासगी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. जवळच्या नॅशनल कॉलेजात एच. नरसिंहय्या यांनी 1962 साली बेंगलोर सायन्स फोरम सुरू केला आणि विज्ञानावरची व्याख्यानं कुणालाही फुकट ऐकता येऊ लागली. पुढे 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने शहरात आपलं डिझाइन केंद्र उघडलं आणि चिप डिझाइन हा इथल्या मध्यमवर्गाचा धंदा झाला. सांगली, पुणे, नागपूरहून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेली मराठी मुलंमुलीही त्यात आहेत. गांधी बाजारात भाजीच्या पिशव्या हातात घेऊन उभी असलेली दोन माणसं 'नॉइज', 'ऑफसेट', 'टेपआउट' असं बोलताना दिसली, तर इथे कुणी वळून पाहत नाही.

या धंद्याचा एक कोपरा मला फार मोलाचा वाटतो, तो म्हणजे सेन्सरची सर्किटं. प्रकाश टिपणारे इमेज सेन्सर आणि सिलिकॉनमध्ये कोरलेली, प्रत्यक्ष हलणारी सूक्ष्म यंत्रं, म्हणजे मेम्स. संगणकाच्या चिपला शून्य आणि एक एवढंच ओळखायचं असतं. सेन्सरच्या चिपची गाठ थेट जगाशी पडते, आणि जग तिच्यापर्यंत फार बारीक आवाजात पोचतं. तो आवाज ऐकण्याची विद्या आपल्याकडे किती आली, कुठे अडली आणि पुढे न्यायची तर काय करावं लागेल, हे या लेखात पाहू.

पिक्सेलच्या पोटात

पिक्सेलमध्ये प्रकाशाचा कण शिरला की त्याच्या ऊर्जेने सिलिकॉनमधला एक इलेक्ट्रॉन सुटतो. हे इलेक्ट्रॉन गोळा करायचे आणि मोजायचे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातला पिक्सेल एका मायक्रॉनच्या आसपास असतो. लख्ख उन्हात त्यात काही हजार इलेक्ट्रॉन जमतात, अंधाऱ्या खोलीत जेमतेम दहा-वीस.

मोजण्यासाठी ते एका कपॅसिटरवर सोडतात. कपॅसिटर 1 फेमटोफॅरडचा असेल, तर एका इलेक्ट्रॉनमुळे त्यावरचं व्होल्टेज 160 मायक्रोव्होल्टने बदलतं. कपॅसिटर जितका लहान, तितका हा बदल मोठा. म्हणून पिक्सेल आखणारा माणूस ट्रान्झिस्टरच्या गेटची आणि शेजारून जाणाऱ्या प्रत्येक तारेची कपॅसिटन्स मोजूनमापून वापरतो.

पण मोजणीआधी हा कपॅसिटर रिकामा करावा लागतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सतत थरथरत असतात, त्यामुळे कपॅसिटर दरवेळी नेमक्या त्याच पातळीवर येऊन थांबत नाही. खोलीच्या तापमानाला 1 फेमटोफॅरडवर ही चूक सुमारे 13 इलेक्ट्रॉनांची भरते. मोजायचे दहा आणि चूक तेराची, असा हा हिशेब. यातून वाट काढली 1974 साली मार्विन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. सुटं तेल देताना दुकानदार आधी रिकाम्या बरणीचा धडा करतो, तसंच हे. कपॅसिटर रिकामा केल्यावर त्याची पातळी एकदा वाचून ठेवायची, मग प्रकाशाचे इलेक्ट्रॉन त्यावर सोडून पुन्हा वाचायचं आणि दोन वाचनांची वजाबाकी करायची. दोन्हींत तीच चूक असल्याने ती निघून जाते. या पद्धतीला कोरिलेटेड डबल सॅम्पलिंग म्हणतात.

त्यासाठी एक अट पाळावी लागते. पहिलं वाचन होईपर्यंत प्रकाशाचे इलेक्ट्रॉन दुसरीकडे राखून ठेवता आले पाहिजेत, आणि मग एकही मागे न ठेवता पलीकडे नेता आले पाहिजेत. ही सोय झाली जपानच्या एनईसी कंपनीतल्या नोबुकाझु तेरानिशी यांच्या 1980 च्या पिन्ड फोटोडायोडने. सिलिकॉनचा पृष्ठभाग दोषांनी भरलेला असतो आणि तिथून अंधारातही इलेक्ट्रॉन सुटतात. तेरानिशींनी साठवणीची जागा पृष्ठभागाखाली गाडली आणि वर एक पातळ थर दिला. त्यामुळे अंधारातली गळती घटली आणि साठा पूर्ण रिकामा होऊ लागला. 1969 मध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी बेल लॅब्जमध्ये शोधलेल्या सीसीडी या इमेज सेन्सरचं तेव्हा राज्य होतं. 1990 च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या एरिक फॉसम यांनी प्रत्येक पिक्सेलमध्येच ॲम्प्लिफायर बसवणारा सीमॉस सेन्सर पुढे आणला. पिन्ड फोटोडायोड त्यात आला आणि कॅमेरा खिशात मावला.

आज पिक्सेलच्या प्रत्येक स्तंभाखाली व्होल्टेज आकड्यांत बदलणारा स्वतंत्र रूपांतरक असतो. हजारो रूपांतरक एकाच वेळी एक ओळ वाचतात, मग पुढची. त्यातल्या एका स्तंभाचा ऑफसेट, म्हणजे शून्याची पातळी, जरी थोडी वेगळी पडली, तरी चित्रात उभी रेघ उमटते. विखुरलेला नॉइज डोळा खपवून घेतो, सरळ रेघ मात्र लगेच पकडतो. त्यामुळे या कामात निम्मं लक्ष माणसाची नजर काय पकडते याकडेच द्यावं लागतं.

हलणारं सिलिकॉन

मेम्समध्ये प्रकाशाच्या जागी हालचाल येते. फोन आडवा केला की पडदा फिरतो, कारण आत सिलिकॉनचं एक वजन बारीक पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. गाडीच्या एअरबॅगसाठी ॲनालॉग डिव्हायसेसने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला असे त्वरणमापक बाजारात आणले, आणि पुढे ते घराघरांत पोचले.

आकडे मांडून पाहू. वजनाची नैसर्गिक कंपनसंख्या 5 किलोहर्ट्झ असेल, तर पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढ्या त्वरणाने ते फक्त 10 नॅनोमीटर सरकतं. त्याच्या हजाराव्या भागाएवढं त्वरण मोजायचं, तर सरकणं 0.01 नॅनोमीटरवर येतं, म्हणजे सिलिकॉनच्या अणूच्या व्यासाचा साधारण विसावा भाग. बाजूच्या फण्यांमध्ये 2 मायक्रॉनची फट आणि एकूण 100 फेमटोफॅरडची कपॅसिटन्स धरली, तर सर्किटला दिसणारा बदल अर्धा ॲटोफॅरड असतो, म्हणजे पिक्सेलमधल्या त्या इवल्याशा कपॅसिटरच्याही दोन हजाराव्या भागाएवढा. अणूहून लहान हालचाल मोजता येते, कारण ती एका अणूची नसते. अब्जावधी अणूंचं अख्खं वजन एकत्र सरकतं आणि सर्किट त्याची सरासरी वाचतं.

इथेही धडा करण्याचीच युक्ती कामी येते. वजनाच्या दोन बाजूंना दोन कपॅसिटर ठेवतात. एकाचा वाढतो, दुसऱ्याचा घटतो, आणि फरक तेवढा वाचला जातो. संथ नॉइज चुकवण्यासाठी संदेश वरच्या कंपनसंख्येवर नेऊन मोजतात आणि मग खाली उतरवतात. जायरोस्कोपमध्ये वजन सतत झुलवत ठेवतात, आणि फोन वळला की कोरिओलिस बलाने ते आडवं ढकललं जातं. ते ढकलणं झुलण्यापेक्षा कितीतरी लहान असतं.

ही दोन शास्त्रं फोनच्या कॅमेऱ्यात एकत्र येतात. जायरोस्कोप हाताची थरथर मोजतो, त्यानुसार भिंग सरकतं आणि इमेज सेन्सरला स्थिर चित्र मिळतं. संध्याकाळच्या अंधुक उजेडात काढलेला फोटो सुस्पष्ट येतो, त्यामागे या दोन चिप्सची जोडी असते.

पीण्यातल्या शेडपासून सूर्यापर्यंत

आपल्याकडे या विद्येला पहिला मोठा आधार दिला तो अवकाश कार्यक्रमाने. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये आर्यभट्ट उपग्रह बांधला गेला आणि 19 एप्रिल 1975 रोजी तो अवकाशात गेला. त्याच पीण्यात आज इस्रोची लिऑस ही इलेक्ट्रो-ऑप्टिक्स प्रयोगशाळा उपग्रहांना दिशा दाखवणारे तारासेन्सर बनवते.

17 मार्च 1988 रोजी गेलेल्या आयआरएस-1ए या उपग्रहातले कॅमेरे अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बांधले होते. त्यांत 2048 घटकांची एकच ओळ असलेले सीसीडी होते. 72.5 मीटरचा एक घटक, याप्रमाणे एका ओळीत 148 किलोमीटर रुंदीचा पट्टा दिसे, आणि उपग्रह पुढे सरकत जाई तशी एकाखाली एक ओळ चित्रात जमा होई. उपग्रहाची जमिनीवरची सावली सेकंदाला साडेसहा किलोमीटर धावते, म्हणजे पुढची ओळ येण्याआधी सर्किटला मिळत होते अवघे 11 मिलिसेकंद. तेवढ्यात 2048 घटक वाचायचे, आकड्यांत बदलायचे आणि खाली पाठवायचे. पिकांचे, पुराचे आणि पडीक जमिनीचे नकाशे या चित्रांवरून तयार झाले.

मेम्सची घडी बसवण्यात बंगळुरूचेच डॉ. वासुदेव अत्रे यांचा मोठा हात आहे. संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार राहिलेल्या अत्रेंनी स्मार्ट मटेरियल्स आणि मायक्रोसिस्टिम्सचे राष्ट्रीय कार्यक्रम पुढे नेले, आणि देशभरच्या कॉलेजांत मेम्स डिझाइनची सॉफ्टवेअर पोचली. भारतीय विज्ञान संस्थेत 2010 साली नॅनो सायन्स केंद्र उभं राहिलं. तिथल्या स्वच्छ कक्षात विद्यार्थी स्वतःच्या हाताने सेन्सर कोरतात. रुद्र प्रताप, नवकांत भट, जी. के. अनंतसुरेश या प्राध्यापकांनी संस्थेत एक पिढी घडवली. सौरभ चांदोरकर यांच्यासारखे तरुण संशोधक कंप पावणाऱ्या सूक्ष्म यंत्रांतली ऊर्जा कुठे झिरपते, याचा अभ्यास करतात.

मुंबई-पुण्याचा वाटा

महाराष्ट्रानेही या कामात भर घातली आहे. आयआयटी मुंबईत ए. एन. चांदोरकरांनी सीमॉस ॲनालॉग डिझाइन शिकवलं, आणि त्यांच्या चित्रित व्याख्यानांवर देशातल्या छोट्या कॉलेजांतली असंख्य मुलं हा विषय शिकली. टीआयएफआरमधून तिथे आलेले प्रकाश आपटे मेम्सकडे वळले. व्ही. रामगोपाल राव यांच्या गटाने वास ओळखणाऱ्या सूक्ष्म पट्ट्या तयार केल्या. स्फोटकाचे रेणू पट्टीवर बसले की ती किंचित वाकते आणि तिच्यातला रोध बदलतो. त्यातून निघालेल्या नॅनोस्निफ कंपनीचा स्फोटकशोधक 2021 मध्ये बाजारात आला.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने खगोलीय सीसीडी वाचणारा स्वतःचा नियंत्रक तयार केला. धड्याची वजाबाकी तो आकड्यांत करतो. दोन्ही पातळ्यांचे अनेक नमुने घेतो, सरासरी काढतो आणि मग वजा करतो. आयुकानेच आदित्य-एल1 यानावरची सूट दुर्बीण साकारली. 2 सप्टेंबर 2023 रोजी निघालेलं हे यान सूर्याची अतिनील चित्रं पाठवतं, आणि त्या दुर्बिणीत 4096 गुणिले 4096 पिक्सेलचा सीसीडी आहे.

मात्र तो सीसीडी ब्रिटनमध्ये बनलेला आहे. ॲस्ट्रोसॅट उपग्रहाच्या क्ष-किरण कॅमेऱ्याचे 16,384 पिक्सेलही बाहेरून आले. दुर्बीण आपली, विज्ञान आपलं, पण प्रकाश ज्यावर पडतो तो सेन्सरचा तुकडा परका. हे चित्र या दोन मोहिमांपुरतं नाही, वर्षानुवर्षं असंच चालत आलं आहे.

डिझाइन इथे, भट्टी तिथे

प्रोसेसरच्या धंद्यात असं चालून जातं. तिथे फॅब, म्हणजे चिप बनवणारा कारखाना, नियमांचं पुस्तक देतो, डिझायनर त्या चौकटीत काम करतो, आणि दोघांची गाठही पडत नाही. सेन्सरमध्ये हे जमत नाही. पिन्ड फोटोडायोडमधून सगळे इलेक्ट्रॉन निघतील की काही मागे राहून पुढच्या चित्रात भुतासारखे उमटतील, हे अशुद्धीचा थर किती खोल गेला यावर ठरतं. मेम्सची पट्टी सरळ राहील की वाकेल, हे थरातल्या ताणावर ठरतं. चिप पॅकेजमध्ये चिकटवताना गोंद किती आकसतो, त्यानेसुद्धा ऑफसेट बदलतो. डिझायनर आणि भट्टीवरचा माणूस शेजारी बसले नाहीत, तर चांगला सेन्सर होत नाही. बंगळुरूत हजारो डिझायनर असूनही आपल्या नावाचे सेन्सर थोडे का, याचं माझ्या मते हे सर्वांत मोठं कारण आहे.

यातच एक आशेची बाजू आहे. सेन्सरला 3 नॅनोमीटरचा अब्जावधी डॉलरचा फॅब लागत नाही. इलेक्ट्रॉन साठवायला जागा हवी, म्हणून पिक्सेल एका मर्यादेपलीकडे लहान करून भागत नाही. मेम्सचे भाग मायक्रॉनमध्येच मोजतात. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत 180 नॅनोमीटरची सीमॉस लाइन आहे. 1989 च्या आगीत ही संस्था होरपळली, तरी पुन्हा उभी राहिली. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-3 मध्ये तिथे बनलेल्या चिप्स होत्या. उत्तम वैज्ञानिक आणि औद्योगिक सेन्सर या श्रेणीत होऊ शकतात. आणि उत्पादनाचा दृढ निश्चय असला तर काय होतं, याचा दाखला गोव्यात आहे. बंगळुरूच्या बिगटेकने विकसित केलेलं आणि गोव्याच्या मोलबायोने बनवलेलं ट्रूनॅट हे यंत्र एका छोट्या चिपवर क्षयरोगाच्या जंतूंचा डीएनए तपासतं. 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली.

पुढची पायरी

डिसेंबर 2021 मध्ये 76,000 कोटी रुपयांचं सेमीकंडक्टर मिशन जाहीर झालं. सी-डॅकच्या बंगळुरू केंद्रामार्फत कॉलेजांना डिझाइनची साधनं मिळू लागली आहेत आणि विद्यार्थ्यांच्या चिप्स मोहालीत बनू लागल्या आहेत. ही फार चांगली सुरुवात आहे. आता त्यात सेन्सरसाठी वेगळी वाट हवी. पिन्ड फोटोडायोडची प्रक्रिया पक्की करून ती कॉलेजांना खुली करावी. मेम्सचा वेफर ठरलेल्या तारखांना, वर्षातून किमान दोनदा निघावा. पॅकेजिंग आणि चाचणी यांना दुय्यम काम समजू नये, कारण सेन्सरचा खर्च आणि भरवसा बहुतेक तिथेच ठरतो. आणि भट्टीवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाला डिझायनरइतकाच मान आणि पगार मिळावा.

या विद्येत पहिला प्रयत्न क्वचितच साधतो. पिक्सेल बनवावा, मोजावा, कुठे इलेक्ट्रॉन अडकले ते शोधावं, थराची खोली बदलून पुन्हा बनवावा, असं हे काम पुढे जातं. तेरानिशींना कंपनीत ही मोकळीक होती, फॉसमना प्रयोगशाळेत होती. बुल टेंपल रोडवरच्या किंवा सांगलीच्या कॉलेजात एम.टेक. करणाऱ्या मुलीलाही तिच्या दोन वर्षांत एक सेन्सर दोनदा बनवायला मिळाला पाहिजे. पहिल्यांदा ती सर्किट शिकेल, दुसऱ्यांदा सिलिकॉन शिकेल. असे दोनदा शिकलेले काही हजार लोक तयार झाले, की पुढच्या सौर दुर्बिणीसाठी सीसीडी परदेशातून मागवावा लागणार नाही.