दगडीची ट्यूब

गाईला दगडी झाली की आपण सडात ट्यूब सोडतो. सूज जरा उतरली की उरलेल्या ट्यूबा कोनाड्यात, पुढच्या गाईला होतील म्हणून! अशाने कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरून वाढतात. मग तेच औषध जनावराला लागू पडत नाही, माणसालाही नाही. याच भीतीपोटी कॉलिस्टिन हे औषध जनावरांना व कोंबड्यांना देण्यावर केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली.

औषध दुधातही उतरते. अशा दुधाला विरजण नीट लागत नाही, कारण विरजण म्हणजेही जंतूच. डब्यावर छापलेले दिवस भरेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नये, वासराला पाजू नये. ओतून देताना जीव तुटतो, हे खरे.

त्यापेक्षा धार काढल्यावर गाईपुढे वाढे टाकून तिला अर्धा-पाऊण तास उभी ठेवा. तोवर सडाचं तोंड मिटतं.