दूरध्वनी केबल, दोषस्थान निर्धारण
दूरध्वनी केंद्र व ग्राहक यांना जोडणाऱ्या भूमिगत केबलमधील संवाहक कोठे तुटला, परस्परांना चिकटला वा ओल लागून जमिनीशी जोडला गेला, हे रस्ता न खोदता विद्युत् मापनाने ठरविण्याच्या क्रियेस दोषस्थान निर्धारण म्हणतात.

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या मुंबईच्या उपनगरांत हे काम विशेष कठीण असते. खाडीलगतची क्षारयुक्त जमीन, पावसाळ्यात साचणारे पाणी आणि नळ व गटारांसाठी होणारी खोदाई यांमुळे केबलींचे आवरण वारंवार दुखावते. जुन्या केबलींत संवाहकांवर कागदाचे वेष्टन व बाहेरून शिशाचे आवरण असे. आवरणास सूक्ष्म छिद्र पडले तरी कागद पाणी शोषून घेई व शेकडो जोड्या एकदम निकामी होत; म्हणून मोठ्या केबलींत कोरडी हवा दाबाखाली भरून ठेवीत. पुढे जेलीभरित पॉलिएथिलीन केबली आल्या. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिमी. पाऊस पडला तेव्हा उपनगरांतील दूरध्वनी सेवाही विस्कळीत झाली.

प्रथम केंद्र, पिलर व डीपी येथे जोडी सोडवून दोष कोणत्या टप्प्यात आहे ते पाहतात. नंतर मेगरने निरोधन रोध मोजतात. गळती आढळल्यास मरी लूप चाचणी घेतात. तीत एक निर्दोष तार दूरच्या टोकाला सदोष तारेशी जोडून व्हीट्स्टन सेतू संतुलित करतात. समजा, केबल 2,400 मी. लांब असून दोन्ही तारा सारख्याच जाडीच्या आहेत आणि निर्दोष व सदोष तारांना जोडलेल्या भुजांचे रोध अनुक्रमे 1,000 व 250 ओहम आहेत; तर दोष 250 ÷ 1,250 × 4,800 = 960 मी.वर असतो. गळतीचा रोध विद्युत् घटमालेच्या शाखेत येत असल्याने उत्तर बदलत नाही. मात्र दोन ठिकाणी गळती असल्यास उत्तर या दोहोंच्या मधल्या, संपूर्ण निर्दोष जागी येते व खड्डा फुकट जातो. उपनगरी रेल्वे 1,500 व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालत असे तेव्हा रुळांतून जमिनीत पाझरणारा प्रवाहही अशा मापनात व्यत्यय आणू शके, शिवाय शिशाचे आवरण झिजवी. 2016 पर्यंत ही रेल्वे 25,000 व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर आली.

तुटलेल्या तारेवर मरी चाचणी चालत नाही. तेथे विद्युत् धारणा मोजतात किंवा स्पंद-प्रतिध्वनी उपकरण वापरतात. केबलमध्ये स्पंदाचा वेग प्रकाशाच्या सु. दोनतृतीयांश असतो, प्रतिध्वनी 6.4 मायक्रोसेकंदांनी परतल्यास दोष सु. 640 मी.वर समजतात. तार तुटलेली असल्यास प्रतिध्वनी मूळ दिशेचा, तर चिकटलेली असल्यास उलटा दिसतो. अल्प गळतीचा प्रतिध्वनी जवळजवळ उमटतच नाही, त्यामुळे जुना सेतू अद्याप मोडीत निघालेला नाही.

मिळणारे अंतर केबलीचे असते, रस्त्याचे नव्हे. मॅनहोलमध्ये गुंडाळून ठेवलेली वाढीव केबल नकाशात नोंदलेली नसेल, तर खड्डा तितकाच पुढे पडतो.

प्रकाशीय तंतूंमध्ये हेच तत्त्व 1,310 व 1,550 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशस्पंदांनी राबवितात. तंतूस ओलीची गळती बाधत नाही. खोदाईच्या कुदळीपासून मात्र त्याचीही सुटका नाही.