एचडी आहे, पण दिसत नाही!

पंचावन्न इंची टीव्ही. फोर-के. बोनसमधले निम्मे पैसे आणि उरलेले ईएमआयवर. भिंतीवर चढल्या चढल्या ओटीटीवरची सिरीज लावली, तर हिरोच्या दाढीचे खुंट मोजता येतील इतकं चित्र लख्ख! मग आईने रिमोट हातात घेतला, डिशवरची रोजची मालिका लावली आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर कुणी दुधाची साय पसरल्यासारखं दिसायला लागलं. घरात लगेच निकाल लागतो, ‘डिश हललीय, सिग्नल वीक आहे.’ कॉल सेंटरला फोन, टेक्निशियनची व्हिजिट, व्हिजिटचे पैसे. तो गच्चीवर जातो, डिश थोडी इकडेतिकडे करतो, सही घेतो, जातो. चित्र जिथल्या तिथे.

कसं सुधारणार? डिजिटल प्रसारणात सिग्नल अशक्त झाला म्हणून चित्र धूसर होतच नाही. फिकट पडणं, मुंग्या येणं हा जुन्या अँटेनाचा स्वभाव होता. इथे सिग्नल पुरेसा असेल तर चित्र पूर्ण येतं. कमी पडला की चौकोनी तुकडे पडतात, आवाज अडखळतो, हिरो तोंड उघडं ठेवून गोठतो. आणखी कमी झाला की थेट ‘नो सिग्नल’. ‘जरासं ब्लर’ अशी मधली पायरी नाही. त्यामुळे फोन उचलण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा : चित्र धूसर आहे, की त्याचे तुकडे पडतायत?

धूसर असेल, तर गुन्हेगार हॉलमध्ये

आधी टीव्हीच्या मागे वाकून बघा. बॉक्समधून पिवळी-लाल-पांढरी वायर येत असेल, तर शोध तिथेच संपला. त्या पिवळ्या वायरमधून एचडी जातच नाही. ती जुन्या, साध्या दर्जाचं चित्रच नेते. एचडी बॉक्स आणला, एचडी पॅकचे पैसे भरले, पण जुन्या टीव्हीची वायर तशीच नव्याला लावली, अशी घरं वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. हवी एचडीएमआय केबल. आणि दुकानदार ‘सर, गोल्ड प्लेटेड घ्या, पिक्चर क्लिअर येतं’ म्हणाला तर हसून साधी घ्या. दीड-दोन मीटरच्या अंतराला साधी चांगली केबल आणि महागडी केबल यांच्या चित्रात फरक नसतो. केबल खराब असेल तर पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके दिसतात किंवा चित्र ये-जा करतं. ती चित्र मऊ करत नाही.

केबल बरोबर असेल तर बॉक्सच्या सेटिंग्जमध्ये व्हिडिओ आउटपुट बघा. तिथे ५७६ असेल तर १०८०आय करा. टीव्हीच्या रिमोटवर इन्फोचं बटण असेल तर तेही दाबून बघा, बॉक्सकडून प्रत्यक्षात काय येतंय ते बहुतेक टीव्ही सांगतात.

आता सगळ्यात कॉमन कारण. एचडी बॉक्स साध्या चॅनेलला एचडी करत नाही. साध्या म्हणजे एसडी चॅनेलच्या चित्रात फार तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके असतात. फुल एचडीत वीस लाखांवर आणि तुमच्या फोर-के पडद्यावर जवळजवळ ८३ लाख. म्हणजे आलेल्या एका ठिपक्यावरून टीव्हीला वीस ठिपके अंदाजाने भरायचे आहेत. बिचारा करतो प्रयत्न, त्याचीच ती साय! जुन्या एकवीस इंची टीव्हीवर हेच चॅनेल छान दिसायचं, कारण तिथे ताणायला जागाच नव्हती.

स्टार प्रवाह, कलर्स मराठी, झी मराठी यांच्या एचडी वाहिन्या २०१६ मध्येच आल्या. पण एचडी चॅनेलचा नंबर वेगळा असतो, आणि आईचं बोट सवयीने जुन्याच नंबरावर जातं. वर पॅकचा घोळ. २०१९ मध्ये ट्रायची नवी दरपद्धत आल्यापासून चॅनेल आणि पॅक आपण निवडायचे असतात. आपल्या पॅकमध्ये ते चॅनेल एचडी आहे की एसडी, हे अॅपवर दोन मिनिटांत कळतं. नसेल तर घरात रोज लागणारी चार-पाच चॅनेल एचडीत घ्या. बातम्यांना एसडी पुरतं, असं आमचं प्रामाणिक मत.

टीव्हीच्या स्वतःच्या खोड्याही असतातच. शोरूमच्या झगमगाटात नजरेत भरावा म्हणून ‘विविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड असतो. घरी त्यात माणसं हळद लागल्यासारखी दिसतात. ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ लावा. शार्पनेस वाढवून नवा तपशील येत नाही, कडांना फक्त पांढऱ्या रेघा येतात, तो उतरवा. एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘फिट टू स्क्रीन’ अशा नावाचा पर्याय सुरू केलात तर टीव्ही चित्राच्या कडा कापून उरलेलं ताणणं थांबवतो. आणि सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर मोशन स्मूदिंग बंद करा. टॉम क्रूझने डिसेंबर २०१८ मध्ये खास व्हिडिओ करून लोकांना हीच विनंती केली होती. मॅचसाठी मात्र ते हवं तर ठेवा.

तुकडे पडत असतील, तर गच्ची गाठा

चौकोन, अडखळणं, गोठणं. इथे सिग्नलवरचा संशय खरा. बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलचं पान असतं, त्यावर दोन पट्ट्या : स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. सगळे स्ट्रेंग्थ बघतात, महत्त्वाची आहे क्वालिटी. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर डिश बहुधा भलत्याच दिशेला बघतेय.

तरी पहिला संशयित डिश नव्हेच, तर केबलच्या टोकाचा तो छोटा गोल कनेक्टर. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्याला गंजवतो. याच केबलमधून बॉक्स डिशपुढच्या एलएनबीला वीजही पाठवतो, साधारण १३ किंवा १८ व्होल्ट. त्या दोन आकड्यांवरून एलएनबी लहरींची उभी की आडवी बाजू निवडतो. पाणी शिरून व्होल्टेज घसरलं की काही चॅनेल येतात आणि काही गायब होतात, आणि आपण मात्र रिचार्ज संपला का ते शोधत बसतो!

दिशाही बघा. आपल्याकडच्या डिशचे उपग्रह मुंबई-पुण्याहून दक्षिण ते आग्नेयेच्या आकाशात असतात. त्या बाजूला शेजारचा नारळ वाढला किंवा नवा टॉवर उभा राहिला, तर डिश कितीही फिरवा, जागाच बदलावी लागते. खिडकीच्या ग्रिलवर डिश असेल तर बाहेर वाकू नका, ते काम टेक्निशियनचंच.

पावसाचं काय? सिग्नल जवळपास ३६ हजार किलोमीटर बिनबोभाट येतो आणि शेवटच्या चार-पाच किलोमीटरच्या ढगफुटीत अडकतो. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर, त्यामुळे मोठे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. धो-धो पडताना दहा-पंधरा मिनिटं चित्र गेलं तर तो बिघाड नाही. साध्या रिमझिमीत जात असेल तर डिश नीट रोखलेली नाही किंवा कनेक्टर गेलाय. मार्चच्या आसपास आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा लख्ख उन्हात काही मिनिटं तुकडे पडतात आणि आपोआप थांबतात.

आणि मॅचमध्ये विकेट पडल्यावर कागदी तुकडे उधळले की पडद्याचा चिखल होतो ना, त्यात तुमचा किंवा डिशचा दोष नाही. अनेक चॅनेल एकाच वाटेने दाबून पाठवलेली असतात, इतकी हालचाल एकदम आली की जागा पुरत नाही. त्याच कंपनीची डिश असलेल्या शेजाऱ्याला फोन करा. त्याच क्षणी त्याच्याकडेही तसंच दिसत असेल तर गोंधळ तिकडूनच येतोय.

स्वच्छ उन्हाच्या दिवशी सिग्नलच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुलैत तुकडे पडले की पाऊस थांबल्यावर पुन्हा तेच पान उघडा. क्वालिटी पहिल्या आकड्यावर परतली नसेल, तर कॉल सेंटरला दोन्ही आकडे सांगा आणि टेक्निशियन आला की डिशला हात लावण्याआधी दोन्ही टोकांचे कनेक्टर बदलून घ्या.